कमी जागेतील कुंड्यांमध्ये घरच्या घरी स्ट्रॉबेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही हंगामांत वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेल्या प्रश्नांतून हे संकलन तयार झाले आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. बहुतेक तक्रारी फिरून फिरून पाण्यापाशी येतात, म्हणून प्रश्न ९ चे उत्तर सर्वांत लांबले आहे. एकावर एक कुंड्यांचा उभा मनोरा आधीच घेऊन बसलेल्यांनी तेथूनच वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

१. स्ट्रॉबेरी कुंडीत खरोखर नीट येते का, की हा नुसता हौसेचा खेळ आहे?

नीट येते. या झाडाची बहुतेक मुळे वरच्या साधारण १५ सेंटिमीटर थरातच पसरतात आणि झाडही बुटके राहते, त्यामुळे त्याला खोल जमीन लागत नाही. मात्र एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी : उभ्या किंवा टांगत्या कुंडीमुळे वाचते ती फक्त खालची जागा. प्रत्येक रोपाची पाण्याची, उन्हाची आणि खताची गरज जमिनीतल्या रोपाइतकीच असते, आणि मातीचा साठा लहान असल्यामुळे चुकीला वाव मात्र कमी मिळतो. चांगली निगा राखल्यास एका रोपापासून हंगामात २०० ते ४०० ग्रॅम फळे मिळण्याची अपेक्षा ठेवावी. चार-पाच रोपांवर घरातल्या सर्वांचे पोट भरणार नाही.

२. मनोरा, टांगती कुंडी, कप्प्यांची मातीची कुंडी, पन्हळ, पिरॅमिड – यांपैकी मी कोणते घ्यावे?

प्रथमच लावत असाल तर भिंतीला किंवा कठड्याला आडवी बसवलेली पन्हळ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यातील सर्व रोपे एकाच पातळीवर असतात, त्यामुळे सर्वांना सारखे पाणी आणि जवळजवळ सारखे ऊन मिळते. फक्त तिची खोली १५ सेंटिमीटरच्या आसपास असावी. छपराच्या पाण्यासाठी मिळणारी उथळ पन्हळ वापरली तर ती कडक उन्हात काही तासांतच कोरडी पडते.

टांगत्या कुंडीत फळे हवेत लोंबतात, मातीला लागत नाहीत आणि गोगलगाई तेथवर सहसा पोहोचत नाहीत. परंतु तिला चहूबाजूंनी वारा लागत असल्याने ती सर्वांत लवकर सुकते. पायऱ्यांचा पिरॅमिड जागा थोडी जास्त अडवतो, पण उन्हाच्या बाबतीत तो उभ्या मनोऱ्यापेक्षा कितीतरी उजवा ठरतो. एकावर एक बसवलेल्या कुंड्यांच्या मनोऱ्यात वरच्या मजल्याचे पाणी खाली झिरपते, ही त्याची सोयही आहे आणि अडचणही (प्रश्न ९ पाहा). पोटाला कप्पे असलेली भाजक्या मातीची कुंडी दिसायला सर्वांत देखणी आणि सांभाळायला सर्वांत अवघड. भिंतीवर लावायच्या कापडी खिशांविषयी मी कोणाला आग्रह करणार नाही, कारण बहुतेक खिशांत जेमतेम ओंजळभर मिश्रण मावते.

३. एका कुंडीत किती रोपे लावू?

दोन रोपांमध्ये २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोल कुंडीत तीन रोपे पुरेशी होतात आणि ३५ ते ४० सेंटिमीटरच्या टांगत्या कुंडीत चार ते पाच. मनोऱ्याच्या प्रत्येक कप्प्यात एकच रोप लावावे आणि प्रत्येकाच्या वाट्याला निदान दोन-तीन लिटर मिश्रण येईल असे पाहावे. लावताना कुंडी रिकामी दिसते आणि आणखी दोन रोपे खुपसण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण दाट पानांमधून हवा खेळत नाही आणि करडी बुरशी तेथेच प्रथम येते.

४. भरलेला मनोरा बाल्कनीच्या कठड्यावर टांगला तर चालेल का?

आधी वजनाचा हिशेब करावा. भिजलेल्या हलक्या मिश्रणाचे वजन ढोबळमानाने लिटरला एक किलो धरावे. साध्या मातीचे त्याहून बरेच अधिक भरते. म्हणजे ४० लिटरचा मनोरा पाणी दिल्यानंतर ४० किलोंच्या घरात जातो. एवढे वजन कठड्यावर न टाकता जमिनीवर, भिंतीलगत ठेवावे, आणि उंच मनोरा वाऱ्याने कलंडू नये म्हणून भिंतीला बांधून घ्यावा.

५. रोपांवर ‘बारमाही’ असे लिहिलेले असते. त्याचा नेमका अर्थ काय, आणि कुंडीसाठी कोणती जात बरी?

स्ट्रॉबेरीच्या जाती दिवसाच्या लांबीला कसा प्रतिसाद देतात यावरून त्यांचे गट पडतात. लहान दिवसांच्या जाती दिवस आखूड आणि हवा थंड असताना फुलांचे कळे धरतात आणि पुढे बहुतेक फळे एकाच बहरात देतात. ‘चँडलर’ आणि ‘कॅमरोसा’ या त्या गटातल्या. दिवसाच्या लांबीची पर्वा न करणाऱ्या जाती, उदाहरणार्थ ‘अल्बियन’ आणि ‘सीस्केप’, तापमान सोसवेल तोवर थोडी थोडी फळे देत राहतात. ‘बारमाही’ हा शब्द बहुधा त्यांच्यासाठी वापरलेला असतो. मोजक्या रोपांच्या कुंडीसाठी मला हाच गट सोयीचा वाटतो. तथापि तापमान ३० अंश सेल्सियसच्या वर टिकून राहू लागले की त्यांचेही नवे कळे धरणे मंदावते, तेव्हा त्या शब्दावर अक्षरशः विश्वास ठेवू नये.

तिसरा पर्याय अल्पाइन स्ट्रॉबेरीचा. ही वेगळीच प्रजाती असून तिची फळे नखाएवढी, पण अतिशय सुवासिक असतात. तिच्या अनेक वाणांना रनर, म्हणजे टोकाला नवे रोप धरणाऱ्या लांब आडव्या फांद्या, येत नाहीत आणि ती अर्धवट सावलीही सहन करते.

६. विकत आणलेल्या फळावरच्या बिया पेरल्या तर रोपे येतील का?

येतील, पण फळ त्याच गुणाचे येईल याची खात्री नाही. आपण खातो ती स्ट्रॉबेरी हा मुळातच संकर आहे. १७१४ साली फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची रोपे फ्रान्समध्ये आणली. ती मादी असल्यामुळे एकटी फळत नव्हती. उत्तर अमेरिकेतील दुसरी प्रजाती तिच्या शेजारी वाढू लागल्यावर दोहोंचा संकर झाला, आणि त्याचे मूळ दुशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ च्या ग्रंथात उलगडून दाखवले. या संकराच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणून बियांपासून येणारे प्रत्येक रोप निराळे निघते. जातीचा गुण तसाच राखायचा असेल तर रनरपासूनच रोप करावे (प्रश्न १६).

अल्पाइन स्ट्रॉबेरी मात्र बियांपासून लावणे हाच रूढ मार्ग आहे. तिच्या बिया दोन ते चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवून मग ओल्या मिश्रणावर नुसत्या पसराव्यात, वर माती लोटू नये, कारण त्यांना उगवण्यासाठी उजेड लागतो. उगवण सावकाश होते. महिनाभर काही न दिसले तरी ट्रे फेकून देऊ नये.

७. अंगणातली माती कुंडीत भरली तर काय बिघडते?

ती पाण्याने दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. त्याऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि परलाइट किंवा तत्सम भरड पदार्थ यांचे सैल मिश्रण घ्यावे. कंपोस्टचे प्रमाण एकतृतीयांशाहून वाढवू नये. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात आणि स्ट्रॉबेरी क्षारांच्या बाबतीत फार नाजूक असते, म्हणून ते दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावे. मिश्रणाचा सामू (आम्लता मोजणारा pH) ५.५ ते ६.५ असावा.

टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा ज्या कुंडीत होता तिच्यातील मिश्रण पुन्हा वापरू नये. मर रोगाची व्हर्टिसिलियम ही बुरशी या पिकांवर आणि स्ट्रॉबेरीवर सारखीच पडते आणि मातीत दीर्घकाळ तग धरते.

८. रोप किती खोल लावायचे?

मुळे आणि पाने यांच्या मधला जाड, आखूड खोडाचा भाग म्हणजे क्राउन. त्याचा मध्य मातीच्या पृष्ठभागाच्या पातळीत असावा. मुळे पूर्ण झाकलेली आणि कोवळ्या पानांचा कोंब पूर्ण उघडा. क्राउन पुरला गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळे सुकतात. मनोऱ्याच्या तिरप्या कप्प्यांत हे जमवणे कठीण जाते, कारण काही आठवड्यांत मिश्रण खाली बसते आणि रोप आत ओढले जाते. म्हणून भरताना प्रत्येक थर हलक्या हाताने दाबावा, पाणी घालून बसू द्यावा आणि मगच पुढचा कप्पा लावावा.

९. मनोऱ्यातली वरची रोपे वाळतात आणि खालची कुजतात. दोन्ही एकाच वेळी कसे होते?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचे कारण रोपांत नसून मनोऱ्याच्या उंचीत आहे. मिश्रणातील पाणी गुरुत्वाकर्षणामुळे खाली सरकते आणि अगदी तळाशी, निचऱ्याच्या भोकांच्या वर, पूर्ण भिजलेला एक थर उरतोच. स्तंभ जितका उंच, तितका त्याचा माथा या ओल्या थरापासून दूर आणि म्हणून अधिक कोरडा. त्यात वरच्या रोपांवर ऊन आणि वारा जास्त पडतो. वरून पाणी ओतणारा माणूस वरची कोमेजलेली पाने पाहून आणखी ओततो, आणि ते सगळे तळाच्या रोपांच्या वाट्याला जाते.

पहिला उपाय भरतानाच करायचा असतो. मनोऱ्याच्या मधोमध ३ ते ५ सेंटिमीटर व्यासाची नळी उभी ठेवावी, तिच्या वरच्या दोन-तृतीयांश भागात बारीक भोके पाडावीत, खालचा भाग बिनभोकांचा ठेवावा आणि तळाचे तोंड बंद करावे. पाणी या नळीत आणि माथ्यावर, असे दोन्हीकडे थोडे थोडे घालावे. भोके मोठी पाडली तर सगळे पाणी पहिल्या काही भोकांतूनच निसटते. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि भरलेला मनोरा उपसण्याखेरीज तिला उपाय नाही. ज्यांना जमेल त्यांनी प्रत्येक मजल्याला स्वतंत्र ड्रिपर (थेंब थेंब पाणी देणारी तोटी) द्यावा, कारण याहून खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

तळाशी खडीचा थर घातल्याने निचरा सुधारतो हा समज मात्र सोडून द्यावा. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून राहते. म्हणजे ओला थर नाहीसा न होता उलट मुळांच्या जवळ सरकतो. मनोरा स्थिर राहावा म्हणून तळाला वजन हवे असेल तर ते कुंडीच्या बाहेर, ठोकळ्याच्या रूपाने द्यावे.

मनोरा आधीच भरलेला असेल तर निदान पाणी एकदम न ओतता दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत द्यावे, माथ्यावर वाळलेल्या गवताचे आच्छादन घालावे आणि सर्वांत खालच्या कप्प्यांत स्ट्रॉबेरीऐवजी ओल सोसणारे दुसरे काही लावावे. पुदिना मात्र नको. तो वर चढत जाऊन सगळा मनोरा व्यापतो.

१०. मग रोज नेमके किती पाणी द्यायचे?

ठरावीक माप सांगणे दिशाभूल करणारे होईल. बोट दोन-तीन सेंटिमीटर मिश्रणात घालून पाहावे. तेथे कोरडे लागले तर खालून थोडे पाणी बाहेर येईपर्यंत द्यावे. कडक उन्हात टांगत्या कुंडीला दिवसातून दोनदाही लागेल, तर ढगाळ थंडीत दोन दिवस लागणार नाही. पाणी शक्यतो सकाळी आणि मुळांशी द्यावे. कोकोपीट पूर्ण वाळले तर पाणी कडेने निसटून जाते आणि आत कोरडेच राहते. अशी लहान कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावी.

११. माझ्याकडे फक्त सकाळचे चार तास ऊन येते. चालेल का?

भरघोस फळासाठी सहा ते आठ तास थेट ऊन लागते. चार तासांत झाड जगेल, पण फळे कमी आणि आंबट येतील. अशा जागी अल्पाइन स्ट्रॉबेरी अधिक समाधान देईल. उभ्या मनोऱ्याची एक बाजू नेहमीच सावलीत असते, म्हणून तो दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवावा. घरात दिव्याखाली लावणाऱ्यांनी एक अपवाद ध्यानात ठेवावा : दिवसाला सोळा तास दिवा लावला तर लहान दिवसांच्या जाती (प्रश्न ५) पाने वाढवत बसतील, कळे धरणार नाहीत.

१२. खत कोणते आणि किती द्यावे?

सौम्य आणि नियमित. नव्या कंपोस्टमध्ये लावलेल्या रोपांना पहिले महिना-दीड महिना काही द्यावे लागत नाही. त्यानंतर संतुलित द्रवखत शिफारशीच्या निम्म्या तीव्रतेने दर दोन आठवड्यांनी द्यावे, आणि कळे दिसू लागल्यावर पालाश अधिक असलेल्या खताकडे वळावे. महिन्यातून एकदा भरपूर साधे पाणी देऊन साचलेले क्षार धुऊन काढावेत; कुंडीच्या कडेवर पांढरट थर दिसू लागला तर हे काम आधीच लांबले आहे असे समजावे.

१३. झाड हिरवेगार आहे, पाने तळहाताएवढी झाली, पण एकही फूल नाही.

अशा वेळी पहिला संशय नत्रावर घ्यावा. कंपोस्ट, शेणखत आणि वर द्रवखत असा तिहेरी आहार झाला असेल तर महिनाभर खत थांबवावे. दुसरे कारण जातीचे आणि ऋतूचे न जुळणे (प्रश्न ५), तिसरे अपुरे ऊन (प्रश्न ११), आणि चौथे रनरवर खर्च होणारी शक्ती (प्रश्न १६). नुकत्याच लावलेल्या रोपाला फुले नसणे हा मात्र दोष नाही. उलट, मुळे धरेपर्यंत पहिले चार-सहा आठवडे आलेली फुले खुडून टाकावीत असाच सल्ला दिला जातो. तो पाळणे जिवावर येते, पण पुढच्या पिकात फरक दिसतो.

१४. फळे वेडीवाकडी, एका बाजूने दबलेली का येतात?

आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग असतो. खरी फळे म्हणजे त्यावरचे बीसारखे दिसणारे दाणे. परागण झालेला प्रत्येक दाणा आपल्याभोवतीचा गर फुगवतो, आणि ज्या बाजूच्या दाण्यांना पराग मिळाला नाही ती बाजू खुरटते. उंच मजल्यावर, जाळीआड किंवा घरात मधमाश्या येत नाहीत, तेव्हा फूल उमलल्यावर दोन-तीन दिवस दुपारच्या सुमारास मऊ कुंचला कडेच्या पुंकेसरांवरून मधल्या पिवळ्या उंचवट्यावर गोलाकार फिरवावा. सारे काही करूनही फळे वाकडीच येत असतील तर फुलांत फुलकिडे किंवा इतर रसशोषक कीड आहे का ते पाहावे.

१५. पहिले फळ मोठे आले, नंतरची लहान होत गेली. माती संपली का?

नाही. फुलांच्या घोसातील पहिल्या फुलात दाणे सर्वांत जास्त असतात, म्हणून त्याचे फळ सर्वांत मोठे होते. पुढची फुले क्रमाने लहान असतात. नव्या घोसाचे पहिले फळसुद्धा लहानच आले तर पाणी आणि खत तपासावे.

१६. रनर कापावेत की ठेवावेत?

फळे हवी असतील तर दिसताक्षणी कापावेत. रोपे हवी असतील तर हंगामाच्या शेवटी, निरोगी झाडाचे एक-दोन रनर ठेवावेत, त्यावरचे पहिले छोटे रोप शेजारच्या लहान कुंडीत वाकवलेल्या तारेने मातीला टेकवून ठेवावे आणि चार-सहा आठवड्यांनी मुळे पक्की झाल्यावर दुवा कापावा. मनोऱ्यात एखादे रोप मेले असेल तर वरच्या मजल्याचा रनर थेट त्या रिकाम्या कप्प्यात टेकवता येतो. लोंबणाऱ्या रचनेची ही एक सोय खरी.

१७. सकाळी पानांच्या कडांवर ओळीने पाण्याचे थेंब दिसतात. हा रोग आहे का?

नाही. रात्री मुळे पाणी ओढत राहतात आणि बाष्पीभवन थांबलेले असते, तेव्हा जादा पाणी पानांच्या दातेरी टोकांतून बाहेर येते. मुळे काम करत आहेत असा त्याचा अर्थ घ्यावा.

१८. कोवळी पाने पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. काही पानांची टोके जळतात.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. हिरव्या शिरांसह पिवळेपणा हे बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, आणि लोह मिश्रणात असूनही सामू वाढल्यामुळे ते झाडाला मिळत नाही. जड पाणी दीर्घकाळ दिल्याने असे होते. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) तात्पुरते काम करते, पण सामू उतरवल्याशिवाय दुखणे हटत नाही. उमलत्या पानांची टोके काळपट होऊन आक्रसत असतील तर कॅल्शियम तेथवर पोहोचत नाही. बहुतेक वेळा त्याचे मूळ अनियमित पाण्यात किंवा साचलेल्या क्षारांत असते (प्रश्न १० आणि १२). सर्वांत जुनी, खालची पाने लाल-पिवळी होऊन वाळणे नैसर्गिक आहे. ती कापून टाकावीत.

१९. फळांवर करडी बुरशी येते, पानांखाली बारीक कीड दिसते. फवारणी करू का?

आधी हातांनी होईल ते करावे. करडी बुरशी ओलसर, कोंदट हवेत वाढते, म्हणून बाधित फळे त्याच दिवशी काढून कुंडीपासून दूर टाकावीत आणि दाटी कमी करावी. पानांवर पांढरी पावडर आणि कडा वर वळलेल्या दिसल्या तर ती भुरी. पानांखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. तो कोरड्या, गरम कोपऱ्यात माजतो आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास बराच कमी होतो, फक्त हे काम सकाळी करावे म्हणजे पाने लवकर सुकतील. माव्यासाठी सौम्य कीटकनाशक साबण पुरतो. फुले उमललेली असताना कोणतेही कीटकनाशक मारू नये. पक्ष्यांसाठी जाळी हाच उपाय, आणि ती फळे लाल होण्यापूर्वी लावावी.

२०. अर्धे लाल झालेले फळ तोडून ठेवले तर पिकेल का?

रंग थोडा गडद होईल, गोडी वाढणार नाही. केळ्याप्रमाणे तोडल्यानंतर पिकणारे हे फळ नव्हे. देठापर्यंत पूर्ण लाल झाल्यावर, सकाळच्या थंड वेळी, देठाचा थोडा भाग ठेवून कापावे आणि खाण्याच्या वेळीच धुवावे. फूल उमलल्यापासून फळ तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात; थंड हवेत थोडे अधिक.

२१. कडाक्याच्या थंडीत किंवा उन्हाळ्यात कुंडीतली रोपे जगतील का?

जमिनीतील रोप जी थंडी सहज काढते तीच कुंडीतल्या रोपाला मारू शकते, कारण कुंडीत मुळांना बाजूंनीही थंडी भिडते. पारा शून्याखाली बराच उतरत असेल तर कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकत्र ठेवाव्यात, भोवती गोणपाट गुंडाळावे आणि मिश्रण किंचित ओले ठेवावे. उमललेले फूल शून्याखाली एक-दोन अंशांतच मरते आणि त्याचा मधला भाग काळा पडतो. अशा फुलाला फळ धरत नाही, पण झाड वाचलेले असते. मुळांना गारवा देण्यासाठी उन्हाळ्यात दुपारची सावली, आच्छादन आणि फिकट रंगाची कुंडी उपयोगी पडते. काळी कुंडी उन्हात मुळे अक्षरशः शिजवते.

२२. एक रोप किती वर्षे ठेवावे?

कुंडीत दोन, फार तर तीन. त्यानंतर क्राउन लाकडासारखे होते, फळे घटतात आणि विषाणूंचा भार साचतो. दरवर्षी एकतृतीयांश रोपे बदलत राहिल्यास एकाही हंगामात कुंडी रिकामी पडत नाही. ज्या झाडाची पाने सुरकुतलेली आणि खुरटी आहेत त्याचे रनर यासाठी कधीही घेऊ नयेत, मग ते कितीही आवडते असो.

२३. झाडावरच्या फळाला बारीक हिरवे कोंब फुटले आहेत. हे काय?

फळावरचे दाणे तेथेच उगवले आहेत. फळ फार पिकून ओलसर हवेत राहिले की कधी कधी असे घडते. ते धोकादायक नाही, संसर्गजन्यही नाही. कुतूहल असेल तर फळाचा तो काप ओल्या कोकोपीटवर ठेवून कोंब वाढवता येतात. त्यांतून कोणत्या गुणाची रोपे निघतील याचे उत्तर प्रश्न ६ मध्ये आले आहे. मात्र फळाला कोंबांऐवजी हिरव्या पानांचा गुच्छच आला असेल आणि नवी फुलेही हिरवी येत असतील, तर तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग असू शकतो. तो रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि त्यावर इलाज नाही, म्हणून असे झाड रनरसकट उपटून टाकावे.